पोहायला मनाई असलेलं तळं

नागपूरला आमच्या नात्यात 'रेंजर' म्हटलं की जीप, खाकी वर्दी आणि सलाम ठोकणारे वनरक्षक डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे मला इंग्लंडात रेंजरची नोकरी लागल्याचं कळल्यावर माझ्या धाकट्या दिरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, तिकडे वाघ आहेत?"

"नाहीत."

"मग बिबटे?"

"तेही नाहीत. बदकं आहेत."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "चालायचंच. सुरुवातीला मिळेल ते पोस्टिंग घ्यावं लागतं."

ते सुरुवातीचं पोस्टिंग मी एकोणीस वर्षं सांभाळलं आणि या वसंतात त्याच पोस्टिंगवरून निवृत्त झाले. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम मेधाताई बघतात. त्यांनी फोन करून सांगितलं, "सुनंदा, काहीतरी छान लिही. तळं, राजहंस, शांतता. लोकांना बरं वाटेल असं." मेधाताईंचा मी आदर करते. म्हणून आधीच सांगते की राजहंस हा अत्यंत भांडखोर पक्षी आहे, आणि आमच्या तळ्यावर शांतता फक्त जानेवारीत, पाऊस चालू असताना, मंगळवारी असते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, एक कंट्री पार्क आहे. मधे तळं, भोवती चालायची वाट, पिकनिकची टेबलं, एक कॅफे आणि मोठा कार पार्क. तळं दिसायला ऋषिमुनींनी तप करावं असं आहे, पण ते निसर्गाने केलेलं नाही. तिथे पूर्वी वाळू-खडीची खाण होती. खाण बंद झाली, खड्ड्यात पाणी भरलं, कौन्सिलने काठाला बाक लावले आणि त्याला निसर्ग म्हणायला सुरुवात केली. खाणीचा तळ उतरत उतरत खोल जात नाही. दोन पावलं घोट्याएवढं पाणी, आणि तिसऱ्या पावलाला जमीनच नाही. म्हणून तिथे पोहायला मनाई. तशा अकरा पाट्या आहेत. त्यांचा मुख्य उपयोग ओले टॉवेल वाळत घालायला होतो.

माझं काम म्हणजे या तळ्यापासून माणसांना आणि माणसांपासून तळ्याला वाचवणं. वाटेत कचरा उचलायचा, झुडपं छाटायची, शाळेच्या मुलांना बेडूक दाखवायचे आणि तक्रारी ऐकायच्या. तक्रारींच्या बाबतीत इंग्रज माणूस फार कल्पक असतो. एका बाईंनी लेखी कळवलं होतं की गुस पक्षी वाटेवर घाण करतात आणि कर्मचारी बघत उभे राहतात. आम्ही नेमकं काय करणं अपेक्षित होतं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. एका गृहस्थांनी फार कळकळीने विचारलं की हिवाळ्यात तुम्ही बदकांना कुठे ठेवता. मी म्हटलं, लेस्टरला. ते समाधानाने मान हलवून गेले.

आपली मंडळीही येतात. आपली मंडळी लांबूनच ओळखू येतात, कारण पिकनिकला आल्यावर ती तळ्याकडे पाठ करून बसतात आणि डबे उघडतात. मी युनिफॉर्ममध्ये असते, डोक्यावर हिरवी टोपी, छातीवर 'सू' अशी पाटी. सुनंदाची सू पहिल्याच आठवड्यात झाली. त्यामुळे माझ्यासमोर मराठीतून बिनदिक्कत माझ्याबद्दल बोललं जातं. "ही बाई आता इथे टेबलावर बार्बेक्यू नको म्हणणार बघ," असं एकदा एकाने म्हटलं. मी म्हटलं, "बरोबर ओळखलंत. टेबल जळतं." त्यानंतर त्या कुटुंबाने मला इतका आग्रह करून दहीवडा खायला घातला की मला कारवाई करणं जड गेलं.

आता डेरेक.

डेरेक हे गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर, केसाच्या जाडीच्या मापाने हत्यारं घडवणारे. मी त्यांना ओळखू लागले तेव्हाच सत्तरीचे होते. इकडच्या रीतीने नाव एकेरी, पण माझ्या मनात क्रियापद कायम आदरार्थी, म्हणून इथेही तसंच लिहिते. ते रोज सकाळी सातच्या सुमाराला यायचे. बाकावर कपड्यांची नीट घडी करून ठेवायचे, डोक्यावर लोकरीची टोपी तशीच ठेवायचे आणि जुन्या लाकडी धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचे. पलीकडच्या विलोच्या झाडापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग थर्मासमधला चहा.

पहिल्या दिवशी मी धावत गेले. "सर, इथे पोहायला मनाई आहे."

"अगदी बरोबर आहे," ते म्हणाले आणि पाण्यात उतरले.

त्यानंतर हा आमचा रोजचा नमस्कार झाला. "मॉर्निंग, डेरेक. इथे पोहायला मनाई आहे." "अगदी बरोबर आहे, सू." मी ऑफिसात जाऊन नोंदवहीत लिहायची: अमुक गृहस्थाला समज दिली. वहीत नावाचा रकाना होता, म्हणून नाव लिहायची. मी शाळेत असल्यापासून रकाना रिकामा ठेवलेला नाही. पाच वर्षं मी ते नाव लिहिलं. खरं तर त्या तळ्याचा तळ, वारा आणि पाणी कुठे कसं थंड असतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला जे माहीत झालं ते बरंचसं त्यांनीच सांगितलेलं. पण त्याला रकाना नव्हता.

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवली. मे-जूनमध्ये ऊन पडतं, हवा गरम होते, लोकांना वाटतं पाणीही गरम झालं. वरचं वीतभर होतं. खाली हिवाळाच असतो. अशा पाण्यात माणूस एकदम पडला की आधी श्वास जातो. पट्टीचा पोहणारा असला तरी तोंड आपोआप उघडतं, छाती आवळते, मग हात काम करेनासे होतात. "पहिलं मिनिट पाण्याशी भांडायचं नाही," डेरेक म्हणायचे. "पाठीवर पडून राहायचं. ते मिनिट गेलं की मग पोहायचं." आणि दुसरी गोष्ट: बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधला तो शनिवार. इंग्लंडात ऊन पडलं की देश सुट्टीवर जातो आणि तो सगळा आमच्या कार पार्कमध्ये येतो. त्या दिवशी आम्ही दोघं ड्युटीवर असायला हवे होतो. दुसऱ्या रेंजरची रजा आधीच मंजूर झाली होती. आमची बचावाची बोट इंजिन दुरुस्तीला गेली होती आणि दुरुस्तीच्या कागदावर कोणाची तरी सही व्हायची होती. सही करणाऱ्याचीही रजा मंजूर झाली होती. म्हणजे तळ्याच्या सुरक्षेची व्यवस्था म्हणून मी होते, कमरेला एक थ्रो-बॅग होती आणि अकरा पाट्या होत्या. थ्रो-बॅग म्हणजे दोर भरलेली पिशवी. दोराचं एक टोक हातात धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. ट्रेनिंगमध्ये मी ती फार छान फेकायची. ट्रेनिंगमध्ये बुडणाऱ्याच्या जागी एक बादली असते.

दुपारी दोनच्या सुमाराला जुन्या धक्क्याशेजारी एक कुटुंब बसलेलं दिसलं. नवरा-बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. नवरा पंपाने एक गुलाबी फ्लेमिंगो फुगवत होता. फ्लेमिंगो माझ्याहून उंच झाला. मी जवळ गेले आणि इंग्रजीत सांगितलं की हवा भरलेली खेळणी पाण्यात न्यायला परवानगी नाही, कारण वारा काठाकडून आत वाहतोय.

"शुअर, शुअर," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून मराठीत, "जाऊ दे तिला. पाच मिनिटं फक्त."

"पाच मिनिटंही नाही," मी मराठीत म्हटलं.

तो ओशाळला. नाव निलेश, पुण्याचा, कॉव्हेंट्रीत एका कंपनीत वर्क व्हिसावर. बायको ऋचा. लगेच "ताई, तुम्ही मराठी?" झालं, गाव कुठलं झालं, बाकरवडी पुढे आली. मी बाकरवडी घेतली आणि पुन्हा सांगितलं.

"अहो ताई, इथे कमरेएवढंच तर पाणी आहे."

"कमरेएवढं नाही, दोन पावलं घोट्याएवढं आहे. तिसरं पाऊल टाकलंत की मला फॉर्म भरावा लागतो."

तो हसला. आपल्या माणसाने सांगितलेला नियम म्हणजे नियम नसतो, ती गंमत असते. मी त्यांच्यासमोरून निघाले आणि पन्नास पावलंही गेले नसेन, तेवढ्यात मुलीचं रडणं ऐकू आलं. फ्लेमिंगो पाण्यात ठेवला होता, नुसता ठेवला होता, असं ऋचा नंतर मला दहा वेळा म्हणाली. वाऱ्याने तो उचलून आत नेला होता. आणि निलेश त्याच्या मागे निघाला होता. एक पाऊल, दोन पावलं, आणि मग तो गेलाच.

वर आला. सात-आठ हात छान मारले. सोसायटीच्या पूलमध्ये पोहणारा माणूस होता. मग हात थांबले. डोकं मागे गेलं, तोंड पाण्याच्या बरोबरीला आलं आणि तो आभाळाकडे बघत राहिला. काठावर शेकडो माणसं होती. आइसक्रीम चाललं होतं. एकाने मोबाइलवर फ्लेमिंगोचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली होती. निलेश ओरडत नव्हता, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

मी धावले. लाइफबॉयची, म्हणजे बुडणाऱ्याला फेकायच्या रिंगची, पेटी उघडली तर रिकामी. कोणीतरी ती रिंग नेऊन घरच्या बागेत शोभेला लावली असणार. पिशवी फेकली, ती अलीकडेच पडली. दोर ओढून घेऊन पुन्हा फेकली, ती डावीकडे गेली. तिसऱ्यांदा दोर बरोबर त्याच्या खांद्यावर पडला. मी ओरडले, "निलेश, धरा." त्याने दोराकडे बघितलं. बोटं मिटेनात. दोर खांद्यावरून घसरून पाण्यात गेला. मी पिशवी परत ओढून घेतली.

रेंजरने पाण्यात उतरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. एकाऐवजी दोघं बुडतात म्हणून. तो नियम बरोबर आहे. दुसरा नियम, लोकांपैकी कोणालाही उतरायला सांगायचं नाही, कारण तोच. तोही बरोबर आहे. मी हे दोन्ही नियम वर्षानुवर्षं नवीन लोकांना शिकवले होते.

डेरेक उन्हाच्या दिवशी दुपारीही येत असत; बाकावर पेपर घेऊन बसायचे आणि इतर लोक नियम मोडताना बघायचे. ते उठून माझ्यामागे येऊन उभे होते. मी वळले, त्यांच्याकडे बघितलं आणि ओरडून त्यांना आत जायला सांगितलं.

त्यांनी बूट काढले. चष्मा काढून बुटात ठेवला. मला त्या क्षणी त्यांच्या व्यवस्थितपणाचा इतका राग आला. मग त्यांनी दोराची पिशवी माझ्या हातातून घेतली, कपड्यांसकट पाण्यात उतरले, आणि घाई न करता, रोज विलोकडे जातात तसे गेले. निलेशजवळ पोचले तेव्हा त्याचं डोकं एकदा खाली जाऊन वर आलं होतं. त्यांनी त्याच्या मागे जाऊन दोर काखेखालून फिरवला आणि हात वर केला. मी, ऋचा आणि कुत्रा घेऊन आलेला एक गृहस्थ, अशा तिघांनी ओढलं. दोघांना ओढताना दोराने माझे तळहात सोलले गेले ते मला रात्री कळलं.

निलेश काठावर पडून पाणी आणि बाकरवडी ओकला. रडला. मग ॲम्ब्युलन्स आली, एक रात्र हॉस्पिटलात ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. फ्लेमिंगो मधल्या बेटावर जाऊन अडकला आणि तीन दिवस गुस पक्ष्यांसोबत राहिला. त्याच्याबद्दल दोन तक्रारी आल्या.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना निलेशने माझा हात धरला. दात वाजत होते. "ताई, माझं नाव रिपोर्टमध्ये घालू नका. व्हिसाचं रिन्यूअल आहे." तळ्यात पडल्याने कोणाचा व्हिसा जात नाही. हे मला माहीत होतं, पण मी म्हटलं, "बरं." रिपोर्टमध्ये मी लिहिलं: एक पुरुष पर्यटक, तपशील देण्यास अनुत्सुक. आपल्या माणसाला सांभाळून घेतलं, असं मला त्या वेळी बरंच बरं वाटलं.

तो फॉर्म सहा पानी आहे. पाचव्या पानावर एक प्रश्न आहे: कर्मचाऱ्यांपैकी कोणी सामान्य नागरिकास पाण्यात उतरण्यास सांगितले अथवा उत्तेजन दिले काय? पुढे दोन चौकोन. होय, नाही.

मी 'नाही'वर खूण केली.

पेन जराही अडखळलं नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेला हा एकमेव खोटा शब्द, आणि त्याला मला अर्धा सेकंद लागला. मग खाली, रकाना रिकामा राहू नये म्हणून, पाण्यात स्वतःहून उतरलेल्या नागरिकाचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

कौन्सिलला अपघात आवडत नाहीत, पण अपघातानंतरच्या मीटिंग फार आवडतात. आमची मॅनेजर फिओना ही वाईट बाई नव्हती. तिला वरून विचारलं गेलं की तुमच्या तळ्यावर माणसं उठसूट पाण्यात उतरतात काय. तिने नोंदवह्या मागवल्या. वह्यांमध्ये पाच वर्षं, जवळजवळ रोज, एकाच गृहस्थाला एकाच बाईने समज दिल्याची सुवाच्य अक्षरात नोंद होती. इतका भरभक्कम पुरावा त्या खात्याला पूर्वी कधीच मिळाला नव्हता. बोटीच्या सहीबद्दल कोणाच्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो विषय निघाला नाही.

डेरेकना एक वर्ष पार्कात यायला बंदी झाली. पत्र हातात द्यायचं होतं. द्यायला मीच गेले. इतर कोणाची त्यांच्याशी ओळख नव्हती.

सकाळचे सात वाजले होते. ते कपड्यांची घडी करत होते. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, दोन्ही बाजू.

"'स्वतःच्या जबाबदारीवर, कोणीही न सांगता,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी काहीतरी बोलले. अपील करता येतं, पत्ता मागे दिलाय, असं काहीतरी.

"बरं," ते म्हणाले. घडी केलेला शर्ट उलगडून पुन्हा अंगात घातला, बटणं लावली आणि गेले. थर्मास उघडलासुद्धा नाही.

त्यांच्याजागी आपला कोणी काका असता तर कार पार्कमध्ये उभा राहून माझे सात पिढ्यांचे पूर्वज उद्धरले असते आणि मी सुटले असते. इंग्रज माणसाच्या 'बरं'ला उत्तर नसतं.

दोन आठवड्यांनी निलेश आणि ऋचा मिठाई घेऊन घरी आले. काजूकतली होती. कौन्सिलच्या नियमाप्रमाणे भेटवस्तू जाहीर करावी लागते. मी ती यांना खायला घालून पुरावा नष्ट केला. हे, म्हणजे आमचे हे, निलेशला कंपनी कुठली, क्लाएंट कोण विचारत बसले. मी चहा देताना निलेशला म्हटलं, "ज्यांनी तुम्हाला बाहेर काढलं त्यांना बंदी झालीय. तुम्ही एक पत्र लिहा कौन्सिलला. नेमकं काय झालं ते लिहा."

तो कप घेऊन बसून राहिला. "ताई, मी नको यात. मी त्यांना थँक यू कार्ड पाठवतो ना. पत्र म्हणजे ऑफिशियल होतं सगळं."

"माणसाने जीव वाचवलाय तुमचा."

"हो ना. ते आहेच. पण उगाच कुठे नाव लागायला नको."

मला त्याचा मनस्वी तिटकारा आला. पुण्याचा, शिकलेला, चार वर्षांच्या मुलीचा बाप, आणि एक पत्र लिहायला घाबरतो. ते गेल्यावर मी आमच्या इराला फोन करून त्याची यथेच्छ निंदा केली. इरा आमची मुलगी, जन्म इथला, लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिचं मराठी प्रेमळ आहे, पण लिंगाबिंगाच्या भानगडीत पडत नाही. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "आई, पण त्या डेरेकला पाण्यात कोण पाठवला?"

मी चहाचे कप आवरायला घेतले.

"आई?"

"मी पाठवलं."

"आणि फॉर्मवर तू काय लिहिली?"

मी सांगितलं. हॉस्पिटलात तिलाही असले फॉर्म रोज भरावे लागतात.

"मग तो निलेश आणि तू सेम आहे ना," ती म्हणाली. रागाने नव्हे, पेशंटला रिझल्ट सांगावा तशी.

मला तिच्या व्याकरणातली चूक दाखवायची फार इच्छा झाली.

पुढचे तीन आठवडे मी काही केलं नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर मेधाताईंच्या वाचकांना वाटेल मी लगेच उठून सत्य सांगायला गेले. मी रोज सातला धक्क्यावर जायची. बाक रिकामा. वहीत लिहायला काही नाही. मी स्वतःला समजावलं की निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, डेरेकना तसंही वय झालंय, थंड पाणी त्यांना चांगलं नाही. या वयात माणूस स्वतःशी जितकं सफाईदार खोटं बोलतो तितकं तरुणपणी जमत नाही.

शेवटी एका सोमवारी मी पुरवणी रिपोर्ट लिहिला. एकच पान. मी त्यांना पाण्यात जायला सांगितलं, आधीच्या फॉर्मवर खोटं लिहिलं, ते गेले नसते तर तो माणूस मेला असता. बोटीबद्दलही लिहिलं. फिओनाने वाचलं आणि दार लावून घेतलं.

"सू, हे तू दिलं नसतंस तर चाललं असतं," ती म्हणाली. "प्रकरण बंद झालं होतं."

"माहितीये."

"आता मला ते उघडावं लागणार."

"हो."

ती कपाळ चोळत राहिली. "फक्त इतकं सांग, पश्चात्ताप होतोय असं लिहू का? म्हणजे जरा सौम्य करता येईल. त्यांना आत पाठवल्याचा पश्चात्ताप."

"त्याचा होत नाही," मी म्हटलं. "फॉर्मचा होतोय."

असा रकाना नव्हता. मला लेखी ताकीद मिळाली आणि पाण्याच्या कामावरून काढून व्हिजिटर सेंटरच्या काउंटरवर बसवलं. शेवटची दोन वर्षं मी फ्रिजला चिकटवायचे राजहंस आणि बदकांच्या खाद्याची पाकिटं विकली. बोटीच्या कागदावर मात्र आठवड्याच्या आत सही झाली. डेरेकची बंदी 'फेरविचारांती' उठली, तसं पत्र त्यांना पोस्टाने गेलं. सोबत, त्यांनी मागितली म्हणून, माझ्या पुरवणी रिपोर्टची प्रतही गेली.

मी वाट बघितली. काउंटरच्या खिडकीतून धक्का दिसतो. एक आठवडा गेला, दोन गेले. ते आले ऑक्टोबरमध्ये, एका दुपारी, कपडे घालून, थेट काउंटरवर. जरा भरलेले दिसत होते.

"तुम्ही पोहायला येत नाही आता," मी म्हटलं.

"लेझर सेंटरच्या स्विमिंग पूलला जातो. बंदी होती तेव्हा सुरू केलं." ते जरा संकोचले. "पाणी गरम असतं तिथलं. जकुझी आहे. मंगळवारी पेन्शनरांना कॉफी देतात."

मी पाण्याच्या कामावर पाणी सोडून त्यांना त्यांचं तळं परत मिळवून दिलं होतं, आणि त्यांना जकुझी आवडली होती. मी म्हटलं, "छान."

"सॉरी म्हणायचं होतं मला," मी पुढे म्हटलं. "पत्र द्यायला आले तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"हो, तेव्हा बरं झालं असतं," ते म्हणाले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. खिशातून माझा रिपोर्ट काढला, घडी उलगडली आणि काउंटरवर माझ्याकडे फिरवून ठेवला. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. टूलमेकर माणूस, रेघ पट्टीने मारलेली.

"इथे चूक आहे. तू लिहिलंयस, 'मी त्यांना पाण्यात जायला सांगितलं.' तू तसं काही सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं होतं, डेरेक. त्यावरूनच तर हे सगळं झालं."

"इंग्रजीत नाही. तू तुझ्या भाषेत ओरडलीस. सहा-सात शब्द होते. मला एकही कळला नाही."

मी आठवून बघितलं. इतक्या महिन्यांत तो क्षण मी शेकडो वेळा आठवला होता, आणि प्रत्येक वेळी माझ्या कानांत इंग्रजीच होतं. आता एकदम ऐकू आलं. अहो, बघत काय उभे राहिलात, जा ना. घरी पाहुणे दारात आले आणि हे पेपर वाचत बसले की मी ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात.

म्हणजे तो 'नाही'वरचा चौकोन कोणाही वकिलाने खरा ठरवून दिला असता. न कळणाऱ्या भाषेत सांगितलं तर ते सांगणं होत नाही. मी समोरच्या फ्रिजवर चिकटवायच्या राजहंसांकडे बघितलं.

"तुम्ही हे तेव्हाच का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं नाही," डेरेक म्हणाले. "सहा पानांचा फॉर्म, पण मला कोणी विचारलं नाही."

"आणि काही कळलं नव्हतं, तर गेलात कशाला?"

त्यांनी रिपोर्टची घडी केली, कोपरे जुळवून, आणि खिशात ठेवली.

"तुझं तोंड बघितलं," ते म्हणाले, "आणि बूट काढायला घेतले."